आमटी निवतीय!

मिरजेत आमटी गार व्हायची बंद होऊन तीन वर्षं झाली होती. म्हणूनच त्या रविवारी दुपारी ऋजुता आवटीने भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून तोंडात घातला, तेव्हा तिचा घास तोंडातच राहिला. आमटी चक्क गार होती.

दुसऱ्या एखाद्या बाईने ती मुकाट्याने शेगडीवर चढवली असती आणि जेवून हात धुतले असते. ऋजुताला ते जमण्यासारखं नव्हतं. ज्या डब्यातून तिने आमटी वाढून घेतली होती, त्याच्या भिंतीत तिने स्वतः शोधलेलं वेष्टन होतं. आणि त्याच वेष्टनात गुंडाळलेली एक भलीमोठी टाकी कुपवाडच्या कारखान्यात बसून गेले दोन महिने तिच्या झोपेचं खोबरं करत होती.

त्या टाकीबद्दल आधी सांगायला हवं. पृथ्वीभोवती फिरणारं एक इंधनघर उभं राहत होतं. चंद्राकडे आणि त्याहून पुढे निघालेल्या यानांनी तिथे थांबायचं, इंधन भरून घ्यायचं आणि पुढची वाट धरायची. ऋजुताचे सासरे आप्पा एसटीत कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. त्यांना ही सगळी योजना एका दमात कळली होती. "म्हंजे डेपोच की!" ते म्हणाले होते. डेपोच. फक्त डिझेलच्या जागी द्रवरूप हायड्रोजन, आणि हा हायड्रोजन मोठा नाजूक गडी. शून्याखाली दोनशे त्रेपन्न अंशांवर ठेवला तरच तो द्रव राहतो. जरा कुठून ऊब लागली की उकळायला लागतो, त्याची वाफ होते, आणि टाकी फुटू नये म्हणून ती वाफ बाहेर सोडावी लागते. चार महिन्यांनी यान दारात यायचं आणि टाकीत ठणठण गोपाळ!

उष्णता आत शिरते तीन वाटांनी. एक हवेच्या पाठीवर बसून, दुसरी वस्तूला वस्तू टेकली की त्या स्पर्शातून, आणि तिसरी उन्हासारखी थेट किरणांतून. अंतराळात हवाच नाही, म्हणजे पहिली वाट बंद. किरणांना माघारी धाडायला आरशासारखे चकचकीत पापुद्रे एकावर एक गुंडाळायचे, हेही जगाला कधीपासून माहीत होतं. घोडं अडायचं ते स्पर्शापाशी. पापुद्रे एकमेकांना टेकायचे आणि टेकले तिथून उष्णता झिरपायची. मधे जाळीचं कापड घातलं तर थोडी त्या कापडातून झिरपायची. ऋजुताने जाळीच काढून टाकली. दिलेला विद्युतभार वर्षानुवर्षं धरून ठेवील असा पापुद्रा तिने बनवला. एकाच जातीचे भार एकमेकांना लोटतात, त्यामुळे निर्वातात हे पापुद्रे एकमेकांपासून केसभर अंतर राखून तरंगत राहायचे. जमलेल्या चिरोट्याचे पदर सुटे राहतात ना, तसे. वेष्टनाचं नाव तिने ठेवलं 'अलिप्त'.

टाक्यांची वेष्टनं कापताना तुकडे उरायचे. त्यांचं काय करायचं म्हणून कंपनीने दुहेरी भिंतीचे निर्वात डबे काढले, आणि बघता बघता टाकीपेक्षा डबाच घरोघरी गाजला. सोमवारी उकळलेलं वरण गुरुवारी जीभ भाजायचं. आठवड्यातून दोनदा रांधलं की काम भागायला लागलं. बाजारात भेटेल ती बाई ऋजुताचे हात हातात घेऊन तिला आशीर्वाद द्यायची, आणि ते आशीर्वाद अगदी मनापासूनचे होते.

पण गावाचं वळण हळूहळू बदललं. लग्नातल्या पंगती कायमच्या उठल्या. ज्याला जेव्हा सवड होईल तेव्हा त्याने यावं, डबा उघडावा, वाढून घ्यावं. कुपवाडच्या कारखान्यातली जेवणाची घंटा बंद झाली. पूर्वी सगळे विभाग एका लांबलचक बाकावर बसून एकमेकांची लोणची पळवायचे. आता जो तो आपापल्या टेबलाशी, आपापला डबा, आपापली वेळ. कामाचा वेळ वाचला म्हणून साहेबलोक खूश होते.

आणि आवटींच्या घरी आप्पांची हाळी बंद झाली.

सासूबाई गेल्या त्या वर्षी आप्पांनी स्वयंपाकघर हाती घेतलं होतं. जन्मभर फलाटावर माणसं गोळा करायची सवय. रात्री आठच्या सुमाराला ते दारात उभे राहायचे आणि भोंग्यातून यावा तसा आवाज लावायचे, "प्रवाशांनी लक्ष द्यावे! भाकरी-आमटी फलाट क्रमांक एकवर लागलेली आहे. चला, आमटी निवतीय!" आमटी निवतीय म्हटल्यावर कोण थांबणार? ऋजुताचा नवरा राजशेखर शेजारच्या चष्म्याच्या दुकानाचं शटर ओढायचा, नणंद गिरिजा इस्पितळाच्या ड्युटीचे कपडे बदलत धावायची, लेक इरावती अंगणातून घामेजलेली यायची. आता आमटी निवतच नव्हती. मग हाळी कशाची घालायची?

त्या रविवारी ऋजुताने विचारलं, "आप्पा, ही आमटी कधीची?"

"कालचीच की. का गं, खारट झालीय व्हय?"

"गार आहे."

आप्पांनी वाटीला हात लावला. पुन्हा लावला. आणि त्यांचा चेहरा उजळला. खोटं कशाला बोला, त्या म्हाताऱ्याला अगदी उकळ्या फुटल्या. "आयला, खरंच गार झाली की! किती वर्षांनी गं! आण इकडं, तापवून देतो."

त्यांनी आमटी तापवली, वरून लसणाची फोडणी घातली, भाकरी शेकून दिली आणि ती जेवेपर्यंत समोर बसून राहिले. मग म्हणाले, "बरं झालं एकटी घावलीस. एक सांगायचं होतं. दिवाळी झाली की मी जतकडं जातोय. तिथल्या मठात अन्नछत्र हाय."

"किती दिवस?"

"ऱ्हायलाच."

ऋजुताने उचललेली वाटी पुन्हा खाली ठेवली.

"अजून घंटा वाजवून पंगत बसवतात तिथं. हाळी द्यायला माणूस पायजे त्यांना." आप्पांच्या बोलण्यात राग नव्हता, रुसवा नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं. "तुमचं काय अडतंय? डबा हाय की. अगं, फलाटावर गाडीच लागंना, तर कंट्रोलरनं खिडकीत बसून करायचं काय?"

ऋजुताचे डोळे भरून आले. घरातलं माणूस आपल्याच शोधाने घराबाहेर पडत होतं. तिने ठरवलं, आप्पांना जाऊ द्यायचं नाही. कसं, ते देवाला ठाऊक.

दुसऱ्या दिवशी ती तो डबा घेऊनच कारखान्यात गेली. तिच्या मनात भलतीच भीती होती. डब्यात अलिप्त, टाकीत अलिप्त. डबा गार पडतो आणि टाकी तापते, म्हणजे पापुद्राच फसवा निघाला की काय? टाकी मोठ्या निर्वात दालनात ठेवून चाचणी चालू होती आणि हिशेबात बसते त्याच्या तिप्पट वाफ होत होती. प्रकल्पाच्या प्रमुख डॉ. सामंत यांनी स्पष्ट सांगून टाकलं होतं, दिवाळीपर्यंत दोष सापडला नाही तर इंधनघरावर दुसऱ्या कुणाची तरी टाकी जाईल.

ऋजुताने डब्यात उकळतं पाणी भरलं, झाकण लावलं आणि तो कपाटात ठेवून दिला. चार दिवसांनी झाकण उघडलं तर वाफेने तिचा चष्मा धुरकटला. पाण्यात चहा टाकून तिने आणि शेजारच्या टेबलावरच्या जमादारने प्यायला, तो जमादारला फुंकून प्यावा लागला. हा जमादार टाकीचं तापमान मोजायचा.

"डबा झकास आहे की तुमचा," तो म्हणाला.

"मग माझी आमटी गार कशी झाली?"

"मांजराने झाकण ढकललं असेल," जमादार म्हणाला आणि आपल्या कामाला लागला.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांना झेंडूच्या माळा घातल्या, हळदीकुंकू वाहिलं आणि दुपारीच सुट्टी झाली. त्या दिवशी यंत्राला हात लावायचा नसतो. घरी आप्पांनी देवापुढे उलथनं आणि झारा मांडला होता, आणि त्यांच्या शेजारी निरोपसमारंभात मिळालेला फलाटावरचा जुना मायक्रोफोन. सकाळीच त्यांनी डबा भरून हुग्गी केली होती, म्हणजे खपली गव्हाची गुळातली खीर. ऋजुता स्वयंपाकघरात चटणीसाठी शेंगा फोडत बसली.

गिरिजा ड्युटीवरून आली. डबा उघडला, वाडगाभर खीर घेतली, बोलता बोलता झाकण हातातच. "वहिनी, काय सांगू, आज वॉर्डात..." वॉर्डातली हकीकत संपली तेव्हा झाकण लागलं. मग इरावती आली. उघडून वास घेतला, बंद केलं. परत येऊन वरचे दोन काजू उचलले. राजशेखर दुकानातून डोकावला, झाकण उचलून बघितलं आणि "नंतर जेवतो" म्हणून गेला. इरावती तिसऱ्यांदा आली, ती बेदाण्यांसाठी. आणि या सगळ्यांच्या मधे मधे आप्पा येत होते. झाकण वर करायचे, आत बघायचे, पुन्हा लावायचे. काही घेत नव्हते.

न राहवून ऋजुताने विचारलं, "आप्पा, तुम्ही काय बघताय?"

आप्पा ओशाळले. "काय न्हाई गं. किती खाली गेलीय ते बघतो. म्हंजे कोण जेवलं, कोण ऱ्हायलं ते कळतंय. पयलं समोरच दिसायचं. जतला जायचं ठरवल्यापासनं जरा जास्तच बघतोय."

ऋजुताच्या हातातली शेंग हातातच राहिली. तिने आधी आप्पांकडे पाहिलं, नंतर त्यांच्या हातातल्या झाकणाकडे. आणि मग तिला हसू फुटलं. ती इतकी हसली की इरावती धावत आली.

"आप्पा! डबा बिघडलेलाच नाही! सारखं उघडून बघितल्यावर गार होईल नाही तर काय!"

"मग मी तरी काय म्हनतोय?" आप्पा म्हणाले, पण ती केव्हाच फोनपाशी पोचली होती.

"जमादार, टाकीत तुमच्या तारा कुठून जातात?"

"माझ्या? डाव्या अंगाने. बारीक भोक आहे, सुईएवढं. हिशेब केलाय मी, त्याने काही होत नाही."

"आणि दाबवाल्यांच्या?"

"मला काय माहीत? त्यांचं त्यांना."

मग तिने इंधनाची पातळी मोजणाऱ्या पेंढारकरांना विचारलं. त्यांचं भोक वरून होतं, सुईएवढंच, त्यानेही काही होत नव्हतं. इतरांचं त्यांनाही माहीत नव्हतं. दाबवाल्या गोखलेबाईंची नळी मागून होती. झडपवाल्यांची वेगळी, कॅमेरावाल्यांची वेगळी. टाकी कशी आहे ते बघायला जो तो आपापलं झाकण उघडून बसला होता, आणि प्रत्येकाचा हिशेब आपल्या एकट्यापुरता बरोबर होता. पण भोक पडलं की तिथे पापुद्रे दबतात, एकमेकांना टेकतात, आणि टेकले की अलिप्तपणा संपला. त्यात भोकातून गेलेली प्रत्येक तार बाहेरची उष्णता घेऊन थेट आत उतरत होती.

हे कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही? पूर्वी आलं असतं. बाकावर जेवताना गोखलेबाई म्हणाल्या असत्या, "अहो, मी मागून भोक पाडतेय," आणि तोंडातला घास तसाच ठेवून जमादार ओरडला असता, "थांबा, मी डावीकडून पाडलंय!" पण तीन वर्षांत तो बाकच भरला नव्हता. ऋजुताच्या वेष्टनाने ऋजुताच्याच टाकीचा घात केला होता, आणि तोही पोटातून!

"आप्पा," ती म्हणाली, "दसरा झाला की एक दिवस ड्युटीवर याल?"

दसऱ्यानंतरच्या पहिल्या दिवशी आप्पा इस्त्रीचा खाकी शर्ट घालून, गंध लावून, मायक्रोफोन काखेत मारून कारखान्याच्या उपाहारगृहात हजर झाले. बरोबर सगळ्यात मोठा डबा, भरल्या वांग्याचं पातेलं, पाटीभर भाकरी आणि हिरव्या मिरचीचा झणझणीत खर्डा. बरोबर आलेल्या इरावतीने मायक्रोफोन ध्वनिक्षेपकाला जोडून दिला. ऐन दुपारी सगळ्या इमारतीभर आवाज घुमला.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे! तापमान विभाग, दाब विभाग, पातळी विभाग, झडप विभाग आणि फोटो काढणारी मंडळी! भरलं वांगं आणि आमटी फलाट क्रमांक एकवर लागलेली आहे. झाकण एकदाच उघडेल. मागाहून येणाऱ्याची गाडी चुकल्यास एसटी जबाबदार राहणार नाही. चला, आमटी निवतीय!"

आधी कुणालाच कळेना हे काय चाललंय. मग दारं उघडली. जमादार आला, पेंढारकर आले, गोखलेबाई आपलं लोणचं घेऊन आल्या. डॉ. सामंत जाब विचारायला म्हणून आल्या, आणि आप्पांनी "बसा ताई" म्हणून त्यांच्या हातात भाकरी दिली. सगळे बसल्यावर आप्पांनी झाकण उघडलं. वाफेचा लोट उठला आणि बाकावर एकच कलकलाट झाला.

जेवणं निम्म्यावर आल्यावर ऋजुताने टाकीचं मोठं चित्र बाकाच्या मधोमध पसरलं. "ज्याने जिथे भोक पाडलंय, त्याने तिथे शेंगदाणा ठेवा."

शेंगदाणे पडत गेले. डाव्या बाजूला, वर, मागे, खाली. टाकीची पार चाळण झाली होती. मग जमादारने कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "अरे देवा, हे एवढं सगळं?" आणि सगळेच हसत सुटले, डॉ. सामंतसुद्धा.

त्यानंतर जे भांडण जुंपलं, त्यासारखं गोड भांडण त्या इमारतीत तीन वर्षांत झालं नव्हतं. माझ्या तारा त्यांच्या नळीशेजारून नेल्या तर आकडे डळमळतील. मग पीळ घाला तारांना. माझी नळी जाडी आहे. मग बारीक करा, कुणी अडवलंय? आप्पा मधे मधे भाकरी वाढत होते आणि कुणाचा आवाज फारच चढला तर त्याच्या पानात खर्डा पडत होता. ताकाचे पेले येईपर्यंत ठरलं. टाकीला एकच मान ठेवायची, आणि सगळ्यांच्या सगळ्या तारा-नळ्या त्या एकाच मानेतून न्यायच्या. बाकी अंग सलग, एकही भोक नाही.

"आणि जी थोडी वाफ होणारच," ऋजुता म्हणाली, "तीही याच मानेतून बाहेर सोडू. वाफ थंडगार असते. बाहेर जाता जाता तारांवरून आत येणारी उष्णता ती उचलून परत घेऊन जाईल."

आप्पा ताक ओतता ओतता थांबले. "म्हंजे जाणारी गाडी रिकामी सोडायची न्हाई."

"अगदी तेच, आप्पा."

वसुबारसेच्या दिवशी नव्या मानेच्या टाकीच्या चाचणीचे आकडे आले. वाफ इतकी कमी की जमादारला आपलं यंत्र बिघडलंय असं वाटलं आणि त्याने ते दोनदा तपासलं. ऋजुता आकडे हातात घेऊन नाचली. गोखलेबाईंनी तिला पेढा भरवला. कारखान्याची जेवणाची घंटा डॉ. सामंत यांनी स्वतः पुसून पुन्हा टांगली.

ती घरी आली तर दिवाळी सरायच्या आधीच ओटीवर आप्पांची वळकटी बांधून तयार. उलथनंसुद्धा त्यातच खोचलेलं.

"झालं का तुझं? बेस झालं!" आप्पांनी तोंड भरून कौतुक केलं. "आता मीबी मोकळा."

ऋजुता वळकटीवरच बसली. "आप्पा, जाऊ नका."

"लोकलाजेनं अडवू नगंस गं."

"लोक गेले खड्ड्यात. मला तुम्ही हवे आहात." ती घाईघाईने बोलत सुटली. "मी डबा केला आणि मला वाटलं, आता कुणाला कुणासाठी थांबायला नको, किती छान. नाही छान, आप्पा. तीन वर्षांत इरा काय जेवते ते मला माहीत नाही. तुम्हाला तर डब्यात डोकावून बघावं लागतं आम्ही जेवलो की नाही. मला नाही हे चालत."

राजशेखर दारात उभा होता. गिरिजाही आली, तिच्यामागे इरावती. आप्पांनी एकेकाकडे पाहिलं. मग खिशातून रुमाल काढून उगीचच चष्मा पुसला.

"रोज झाकण एकदाच उघडायचं," ते दरडावून म्हणाले. "आठ वाजता. मी उघडीन."

"हल्ली दुकान साडेआठला बंद होतं, आप्पा," राजशेखर म्हणाला.

"मग साडेआठची गाडी. पण गिऱ्हाईक आलं, चष्मा आला, सबब चालायची न्हाई. सुटली की सुटली."

"आणि माझी रात्रपाळी?" गिरिजाने विचारलं.

"तुझा डबा येगळा भरीन. इस्पितळात तरी चौघींना घेऊन बस." आप्पा वाकून वळकटीची दोरी सोडायला लागले, आणि गाठ सुटेना तेव्हा इरावतीने ती दाताने सोडवली. मठात आप्पांनी निरोप धाडला की इथल्या फलाटावर गर्दी वाढल्यामुळे कंट्रोलरची बदली रद्द झालेली आहे.

चैत्रात टाकी वर गेली. साऱ्या मिरजेने ते उड्डाण पाहिलं. आठवड्याभराने इंधनघरावरून पहिली बातमी आली, तेव्हा आवटींच्या माजघरात सगळे पडद्यासमोर दाटीवाटीने बसले होते. जमादार सहकुटुंब आला होता आणि गोखलेबाईही आल्या होत्या. पडद्यावर काळ्याभोर आकाशात ती चकचकीत टाकी लटकत होती. एका बाजूला ऊन, दुसऱ्या बाजूला गोठवणारी सावली, आणि आत तो नाजूक गडी शांत पडून होता. बातमी देणारी मुलगी आता टाकी बनवणाऱ्या ऋजुता आवटी यांची मुलाखत दाखवणार होती. ऋजुताने पदर सारखा केला.

एवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आवाज घुमला.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे! चला, आमटी निवतीय!"

त्या डब्यातली आमटी येत्या गुरुवारपर्यंतही निवणार नव्हती. हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि ज्या बाईने तो डबा केला होता तिला तर सगळ्यात जास्त. पडद्यावर तिचा चेहरा झळकला तेव्हा तो पाहायला खोलीत कुणीच नव्हतं. सगळ्यांच्या पुढे तीच धावली होती.